तान्हं बाळ आजारी पडलं तर: कधी घरी थांबायचं, कधी लगेच निघायचं

बाळ आजारी वाटलं की घरात सगळे पहिल्यांदा विचारतात, "ताप किती आहे?" त्याच्याही आधी विचारायला हवं, "बाळ किती दिवसांचं आहे?" चार महिन्यांच्या बाळाला १०१ ताप असला, पण ते अंगावर नीट पीत असेल, ओळखीचा चेहरा दिसला की हसत असेल, तर सकाळपर्यंत थांबता येतं. वीस दिवसांच्या बाळाला १०० ताप असला तर थांबता येत नाही, मग ते कितीही शांत झोपलेलं दिसो.

पहिल्यांदाच आई-बाबा झालेल्यांसाठी हे लिहिलं आहे, आणि त्यांच्या सोबत रात्री जागणाऱ्या आजी, मावशी, आत्यांसाठीही. बाळाला काय झालंय हे डॉक्टर शोधतील. त्यांच्याकडे किती घाईने जायचं, एवढंच आपल्याला ठरवायचं आहे.

आधी वय बघा

जन्मापासून दोन महिने पुरे होईपर्यंतचा काळ वेगळा धरा. इतक्या लहान बाळाच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरला तरी मोठ्यांसारखी ठळक लक्षणं दिसत नाहीत. खोकला नसतो, रडारड नसते, पुष्कळदा तापही नसतो. बाळ नुसतं कमी पितं, नेहमीपेक्षा जास्त झोपतं, हातपाय गार लागतात. "आज किती शहाण्यासारखं झोपलंय" असं घरच्यांना वाटत राहतं आणि मोलाचे तास निघून जातात. म्हणून या वयात एक जरी धोक्याचं लक्षण दिसलं, तरी त्याच तासात दवाखान्याकडे निघायचं.

आकडे असे लक्षात ठेवा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाच्या काखेत थर्मामीटर लावून ९९.५ अंश फॅरनहाइट (३७.५ सेल्सिअस) किंवा त्याहून जास्त आलं तर निघा. ९५.९ (३५.५ सेल्सिअस) पेक्षा कमी आलं तरी निघा. गार पडणं हे तापाइतकंच गंभीर आहे, आणि घरोघरी तेच नजरेतून सुटतं. बाळाच्या पोटाला हात लावा आणि मग तळपायांना. पोट गरम आणि तळपाय गार असतील तर बाळाला थंडी बाधते आहे, त्याला लगेच आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घाला. पोटही गार लागत असेल तर ऊब देत देतच दवाखाना गाठा.

थर्मामीटर डिजिटल घ्या. काख कोरडी करा, टोक काखेच्या मधोमध ठेवा, बाळाचा हात अंगाशी धरा आणि 'बीप' होईपर्यंत थांबा. कपाळाला हात लावून काढलेला ताप या वयात भरवशाचा नाही. टोपी, मोजे, दुपटं आणि वर गोधडी अशा जामानिम्यात गुंडाळलेलं बाळ उगाच गरम लागू शकतं. मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात तर हमखास. ते नीट पीत असेल, तर जास्तीचे कपडे काढून पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा मोजा. तेव्हाही आकडा तोच असेल तर निघा. पीत नसेल तर पुन्हा मोजत बसू नका.

दोन ते तीन महिन्यांच्या बाळाला १००.४ किंवा जास्त ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. तीन ते सहा महिन्यांत १०२ च्या वर गेला तर त्याच दिवशी. त्यानंतर मात्र तापाच्या आकड्यावरून फारसं काही ठरत नाही. बाळ कसं दिसतंय, कसं वागतंय, यावरून ठरतं. नऊ महिन्यांचं, १०३ तापातही पाणी मागणारं, ताप उतरला की रांगू लागणारं बाळ परवडलं. १०० तापात डोळे मिटून पडलेलं बाळ परवडत नाही.

दिवस पुरे व्हायच्या आधी जन्मलेलं, अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं किंवा हृदयाचा आजार असलेलं बाळ असेल, तर इथले सगळे नियम आणखी कडक धरा.

मग तीन गोष्टी तपासा: दूध, श्वास, जाग

या तीन गोष्टींसाठी कसलंही यंत्र लागत नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच कमी शिकलेल्या बायकांना नवजात बाळांची लक्षणं ओळखायला आणि घरच्या घरी उपचार करायला शिकवलं. अशा ३९ गावांत तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. हा अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. पुढे आशाताईंच्या घरभेटींचा कार्यक्रम याच धर्तीवर देशभर सुरू झाला. त्या आरोग्यदूतांना जे डोळ्यांनी दिसलं, ते बाळाच्या आईलाही दिसतं. काय बघायचं, एवढं कळायला हवं.

*दूध.* काल ज्या ताकदीने ओढत होतं, त्या ताकदीने आज ओढतंय का? पाजायला घेतल्यावर तोंडच उघडत नाही, दोन-चार घोट घेऊन दमतं, कपाळाला घाम येतो, लागोपाठ दोन-तीन वेळा पाजायची वेळ होऊनही पीत नाही, ही लक्षणं गंभीर आहेत. पहिला आठवडा उलटल्यावर पोटभर पिणारं बाळ दिवसाला सहा-आठ वेळा तरी शू करतं. आठ तासांत लंगोट किंवा डायपर ओला झाला नसेल तर डॉक्टरांना दाखवा. शू लाल किंवा गडद पिवळी होत असली तरी दाखवा.

*श्वास.* बाळ शांत असताना मोजा. रडून किंवा पिऊन झाल्या झाल्या मोजू नका. झबलं छातीपर्यंत वर करा, फोनवर स्टॉपवॉच लावा आणि पोट वर येतं तितक्या वेळा एक असं पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर फसगत होते, कारण लहान बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. भराभर चार-पाच श्वास, मग जरा थांबा, पुन्हा भराभर, असं नवजात बाळात चालतं. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, आणि वर्षाच्या पुढे ४० किंवा जास्त श्वास म्हणजे श्वास वाढलेला आहे. नवजात बाळाचा आकडा ६० च्या वर आला तर एकदा पुन्हा मोजा. दुसऱ्यांदाही तितकाच आला तर निघा.

आकड्यापेक्षाही महत्त्वाची आहे छातीची हालचाल. "पोट उडतंय" असं आपल्याकडे म्हणतात, त्याकडे नीट बघा. बाळ श्वास आत घेतं तेव्हा बरगड्यांच्या खाली खळगा पडतो का? नाकपुड्या फेंदारतात का? प्रत्येक श्वासाबरोबर कण्हल्यासारखा आवाज येतो का? डोकं हलतं का? बाळ शांत असतानाही श्वास आत घेताना घशातून कर्कश आवाज येतो का? यातलं काहीही असेल तर थेट रुग्णालय. ओठ किंवा जीभ निळी-काळपट पडली, किंवा श्वास वीस सेकंद थांबला, तर १०८ लावा. थंडीत नुसते हाताचे-पायाचे पंजे निळसर दिसणं आणि ऊब मिळाल्यावर पुन्हा गुलाबी होणं, हे पहिल्या दिवसांत सामान्य आहे. मोठ्यांच्या बोटाला लावायचा ऑक्सिमीटर बाळावर वापरू नका. तो चुकीचं दाखवतो आणि कधी कधी खोटा धीर देतो.

*जाग.* तळपायावर टिचकी मारली, कपडे काढले, तर बाळ नीट जागं होऊन रडतं का? हलवल्यावरच हालचाल करतं आणि सोडलं की निपचित होतं, हातपाय लुळे पडतात, रडणं क्षीण किंवा एकदम चिरकं झालंय, कुशीत घेतलं की जास्तच रडतं, यातलं कुठलंही लक्षण असेल तर वाट बघू नका. आईला सगळ्यात आधी जे जाणवतं ते बहुतेक वेळा इथलंच असतं. "काहीतरी बिनसलंय, पण सांगता येत नाही" या तिच्या म्हणण्याला लक्षणाइतकाच मान द्या. डॉक्टरही देतात.

ही लक्षणं दिसली की वेळ-काळ बघू नका

वरच्या तीन गोष्टींशिवाय आणखी काही लक्षणं आहेत. बाळाचं वय काहीही असो, मध्यरात्र असो, सणवार असो, लगेच निघायचं. हा भाग लिहून कपाटाच्या दारावर चिकटवून ठेवा.

- आकडी आली. नवजात बाळात ती ठळक नसते. नजर एकटक लागते, ओठांची चुटचुट चालते, पाय सायकल चालवल्यासारखे हलतात. थरथरणारा हात अलगद धरल्यावर थरथर थांबली तर बहुधा आकडी नाही. धरूनही झटके जाणवत राहिले तर आकडी आहे.
- हिरवी उलटी झाली. दुधाची गुळणी वेगळी. मेंदीच्या पानासारखा हिरवा रंग म्हणजे आतडं अडलं असण्याची शक्यता, आणि तिथे शस्त्रक्रिया लागू शकते.
- प्यालेलं प्रत्येक वेळी उलटून पडतं, पोट फुगून टणक झालंय, किंवा शीमध्ये रक्त आहे. थोड्या थोड्या वेळाने पाय पोटाशी घेऊन किंचाळणं, मधल्या वेळात मलूल पडणं आणि लाल जेलीसारखी शी होणं, हे आतड्यात आतडं शिरल्याचं लक्षण असू शकतं.
- टाळू फुगून वर आली किंवा खोल गेली. बाळ शांत आणि उभं धरलेलं असताना बघा. टाळूची धडधड दिसणं साधं आहे.
- अंगावर लाल-जांभळे ठिपके आले आणि काचेचा पेला दाबून धरला तरी मावळत नाहीत.
- नाळेभोवतीची कातडी लाल झाली, पू आला, किंवा नवजात बाळाच्या अंगावर पुवाचे बरेच फोड उठले.
- जांघेत किंवा अंडकोषाच्या पिशवीत टणक गाठ आली, जी आत जात नाही आणि हात लावला की बाळ कळवळतं.
- पलंगावरून किंवा हातातून डोक्यावर पडलं आणि त्यानंतर उलट्या, गुंगी किंवा फिकटपणा दिसला. सहा महिन्यांच्या आतलं बाळ डोक्यावर पडलं असेल तर लक्षणं नसली तरी दाखवा.

कोण ठरवणार, हे आधीच ठरवा

आपल्याकडे उशीर कुठे होतो? पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी. बाळाचे बाबा पुण्याला नाहीतर मुंबईला, सासू-सासरे तिसऱ्या गावी. रात्री बाळ पीत नाहीसं झालं तर आजी म्हणते, "आधी जावईबापूंना विचारू." ते म्हणतात, "आईला विचारतो." फोनाफोनीत दोन तास जातात आणि शेवटी ठरतं, "सकाळी बघू." यात कुणाचीच माया कमी नसते. परक्या घरच्या बाळाची जबाबदारी अंगावर घ्यायला माहेरचे कचरतात, एवढंच. म्हणून बाळ घरी आल्याच्या पहिल्याच आठवड्यात दोन्ही घरांनी मिळून हे बोलून घ्या: ज्या क्षणी बाळ ज्याच्या हातात आहे, त्याने लक्षण बघितलं की निघायचं, आणि फोन गाडीतून करायचा. हे बोलणं बाळाच्या बाबांनीच काढलं तर सगळ्यांना सोपं जातं.

सव्वा महिन्याचंही तसंच. बाळंतिणीने आणि बाळाने सव्वा महिना बाहेर पडू नये, यामागे गर्दी आणि संसर्गापासून जपण्याचा हेतू आहे, आणि निरोगी बाळासाठी तो चांगलाच आहे. आजारी बाळाला तो लागू करू नका. बाळाचे सर्वांत नाजूक दिवस नेमके त्याच सव्वा महिन्यातले असतात. आईला घरी ठेवून बाळाला एकट्या बाबांनी घेऊन जाणं हेही चुकीचं आहे, कारण वाटेत दूध आणि ऊब दोन्ही आईकडूनच मिळतं.

सरकारी कार्यक्रमात आशाताई दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. त्यांचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा. श्वास कसा मोजायचा हे त्यांच्याकडून एकदा समोर करून घ्या. वाचून जे दहा मिनिटांत कळतं, ते बघून एका मिनिटात कळतं.

ताप आणि तापाचं औषध

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तापाचं औषध देऊ नका. ताप दबतो आणि डॉक्टरांपुढे बाळ उगाच बरं दिसतं. सहाव्या आठवड्याच्या लसीनंतर एक-दोन दिवस अंग गरम होणं नेहमीचं आहे, त्यासाठी सिस्टरांनी जो डोस सांगितला तेवढाच द्या. पण लसीनंतरही बाळ पीत नसेल किंवा मलूल असेल, तर "लसीचाच ताप आहे" म्हणून थांबू नका.

मोठ्या बाळाला पॅरासिटामॉल वजनावर देतात: दर किलोला एका वेळी १५ मिलीग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचं अंतर, दिवसात जास्तीत जास्त चार वेळा. इथे एका घोळापासून सावध राहा. पॅरासिटामॉलचे थेंब आणि सिरप यांची ताकद वेगळी असते. थेंबांच्या बाटलीत सहसा १ मिलीमध्ये १०० मिलीग्रॅम औषध असतं. सिरपच्या ५ मिलीमध्ये १२० ते १२५ किंवा २४० ते २५० मिलीग्रॅम असतं. सहा किलोच्या बाळाला ९० मिलीग्रॅम लागतं, म्हणजे त्या थेंबांपैकी ०.९ मिली. सिरप समजून थेंबांच्या बाटलीतलं ५ मिली पाजलं तर एकदम ५०० मिलीग्रॅम पोटात जातं. लेबल वाचा, चहाच्या चमच्याऐवजी सोबतची पिचकारी किंवा ड्रॉपर वापरा, आणि शेजाऱ्यांच्या बाळाचं उरलेलं औषध घेऊ नका.

औषधाने ताप पूर्ण उतरलाच पाहिजे असं नाही. औषध दिल्यावर तासाभराने बाळ जरा खेळकर झालं, प्यायलं, की काम झालं. ताप थोडा उतरूनही ते तसंच गळून पडलं असेल तर दाखवा. पाच दिवसांहून जास्त टिकलेला ताप कुठल्याही वयात डॉक्टरांकडे न्यायचा. पावसाळ्यानंतर डेंग्यूच्या दिवसांत त्याच्या आधीच. गार पाण्याच्या, बर्फाच्या किंवा कोलन वॉटरच्या पट्ट्या नकोत. सुती पातळ कपडे आणि हवेशीर खोली पुरे.

खोकल्याच्या औषधाबद्दल स्पष्टच सांगते. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याच्या सिरपमधल्या विषारी डायइथिलिन ग्लायकॉलमुळे मुलांची मूत्रपिंडं निकामी होऊन अनेक मुलं दगावली. त्यातल्या कितीतरी मुलांना शेवटचे उपचार नागपुरात मिळाले. त्या ऑक्टोबरमध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत अशी सूचना काढली. भेसळ नसलेलं सिरपही या वयात काही फायदा करत नाही. नाक चोंदलं असेल तर मिठाच्या पाण्याचे सलाईन थेंब पाजण्याआधी नाकात घाला. नुसती घरघर आहे, पण श्वासाचा आकडा ठीक, खळगा नाही आणि दूध व्यवस्थित, तर थांबता येतं.

जुलाब आणि उलट्या

अंगावर पिणाऱ्या बाळाला दिवसातून सात-आठ वेळा पिवळी, मऊ शी होणं म्हणजे जुलाब नव्हेत. नेहमीपेक्षा एकदम पातळ, पाण्यासारखी आणि जास्त वेळा झाली तर जुलाब. दात येताहेत म्हणून जुलाब होतात हा समज सोडून द्या. त्या समजामुळे शरीरातलं पाणी संपेपर्यंत कुणी लक्ष देत नाही.

पाणी किती कमी झालंय ते असं बघा. डोळे खोल गेलेत का? रडताना अश्रू येतात का? तोंड कोरडं आहे का? पोटाची कातडी बेंबीच्या बाजूला चिमटीत धरून सोडली, तर लगेच सपाट होते की हळू? बाळ चिडचिड करत अधाशासारखं पीत असेल तर पाणी कमी झालंय. ओआरएस सुरू करून त्याच दिवशी दाखवा. मलूल पडलंय, पीत नाही, कातडीची घडी दोन सेकंदांहून जास्त राहते, तर ही सलाईनची वेळ आहे, लगेच न्या. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला जुलाब झाले तर घरी काही करत न बसता दाखवा.

ओआरएसचं मोठं पाकीट पूर्णच्या पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात. बाजारात २०० मिलीची छोटी पाकिटंही मिळतात, म्हणून पाकिटावर लिहिलेलं वाचा. अर्धं पाकीट अंदाजाने घालू नका. दाट झालं तर अपाय होतो, पातळ झालं तर उपयोग नाही. चोवीस तासांनी उरलेलं टाकून द्या. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिली, चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि आणखी सावकाश पुन्हा सुरू करा. अंगावरचं दूध बंद करू नका. रंगीत गोड पेयं ओआरएस म्हणून देऊ नका. पेयांच्या खोक्यांवर 'ओआरएस' हा शब्द छापायला एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली ती याच कारणाने. सोबत झिंक चौदा दिवस: दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलीग्रॅम, त्याहून मोठ्याला २०. जुलाब थांबले तरी चौदा दिवस पुरे करा. जुलाब थांबवायच्या गोळ्या बाळांना द्यायच्या नसतात.

कावीळ

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होऊन आठवडाभरात उतरणारा पिवळेपणा पुष्कळ बाळांना होतो. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात बघा. नाकाचा शेंडा बोटाने हलकेच दाबून सोडा, दाबलेली जागा पिवळी दिसते का? सावळ्या बाळाचे डोळ्यांचे पांढरे भाग आणि हिरड्या बघा. जन्मानंतर पहिल्या चोवीस तासांतच दिसलेली कावीळ, तळहात-तळपायांपर्यंत उतरलेली कावीळ, किंवा पिवळं बाळ झोपाळू होऊन पीत नाहीसं झालं, तर लगेच रुग्णालयात. कावीळ फार वाढली तर मेंदूला कायमची इजा होते, आणि वेळेवर निळ्या दिव्याखाली ठेवलं तर ती टाळता येते. कोवळं ऊन त्या दिव्याची जागा घेऊ शकत नाही.

चौदा दिवसांनंतरही पिवळेपणा राहिला तर शीचा रंग बघा. शी पांढरट, चुन्यासारखी आणि शू गडद पिवळी होत असेल तर पित्तनलिका बंद असू शकतात. त्याची शस्त्रक्रिया पहिल्या दोन महिन्यांत झाली तर चांगली लागू पडते, म्हणून "हळूहळू उतरेल" म्हणत बसू नका.

आकडी आली तर

बाळाला कुशीवर झोपवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. दाबून धरू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८. थांबली तरी पहिलीच आकडी असेल किंवा बाळ सहा महिन्यांहून लहान असेल तर रुग्णालयात जायचंच. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत तापाने येणारी थोडा वेळ टिकणारी आकडी बहुधा इजा न करता जाते, पण ती तीच आहे हे डॉक्टरांनी तपासून सांगायचं. दुसऱ्या कुणाला शक्य असेल तर फोनवर व्हिडिओ घ्यायला सांगा. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

हे मात्र करू नका

पोट फुगलं म्हणून बिब्बा लावणं, किंवा मेळघाटात चालतं तसं तापल्या लोखंडाने पोटावर डंबा देणं, यात आधीच आजारी असलेल्या बाळाला भाजल्याची जखम आणि नवा जंतुसंसर्ग मिळतो. बाळ जितकं जास्त आजारी, तितका अशा उपायांचा मोह घरच्यांना जास्त होतो, आणि तीच दवाखान्याची वेळ असते. जायफळ जास्त उगाळलं तर बाळ गुंगतं आणि खरं लक्षण झाकलं जातं. मध वर्षाच्या आत बिलकुल नको. त्यातल्या जिवाणूंच्या विषामुळे बाळ लुळं पडू शकतं. बंद खोलीतली ओव्याची धुरी आणि शेगडी खोकणाऱ्या बाळाच्या फुप्फुसांना झेपत नाही. नाकात-कानात तेल नको. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी दृष्ट जरूर काढावी, निघता निघता, दारातच.

कुठे जायचं, कसं जायचं

महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून चालू आहे, फोन आणि प्रवास दोन्ही मोफत. बाळाचं वय, लक्षण आणि गावाजवळची खूण सांगा. १०२ ची गाडीही आजारी बाळासाठी मिळते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला सरकारी रुग्णालयात उपचार, औषधं, तपासण्या आणि ने-आण मोफत आहे. हे माहीत नसल्याने पैशांची जुळवाजुळव करण्यात वेळ जातो.

महिन्याच्या आतलं बाळ गंभीर वाटत असेल तर जिल्हा रुग्णालयातला एसएनसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता कक्ष, आपल्यापासून किती लांब आहे ते आधीच विचारून ठेवा. बाळ फार थकलं असेल आणि सिव्हिल दोन तासांवर असेल तर वाटेतल्या पीएचसीत किंवा ग्रामीण रुग्णालयात थांबून पहिलं इंजेक्शन, ऑक्सिजन आणि पुढची चिठ्ठी घेऊन जाणं शहाणपणाचं. खाजगीत जाणार असाल तर रात्री बालरोगतज्ज्ञ हजर असतात का, हे फोन करून विचारा. नुसती पाटी बघून जाऊ नका.

वाटेत बाळाला आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून ठेवा, डोक्याला टोपी, वरून शाल, नाक-तोंड मोकळं. पिऊ शकत असेल तर पाजत राहा, कारण लहान बाळाची साखर चटकन उतरते. गिळता येत नसेल, गुंगीत असेल किंवा श्वासाची धाप असेल तर तोंडाने काही देऊ नका.

सोबत घ्या: माता-बाल संरक्षण कार्ड, दवाखान्याची डिस्चार्जची कागदं, दिलेल्या औषधांच्या बाटल्या, शी किंवा उलटीचा रंग वेगळा असेल तर तो डायपर किंवा त्याचा फोटो. डॉक्टरांसमोर पहिल्या तीन वाक्यांत सांगा: किती दिवसांचं, शेवटचं नीट कधी प्यायलं, शेवटची शू कधी. बिब्बा, गुटी किंवा दुसरं काही दिलं असेल तर तेही मोकळेपणाने सांगा. ओरडा बसेल या भीतीने लपवलं तर उपचार चुकू शकतो.

रांग मोठी असेल तर गप्प बसून राहू नका. काउंटरवर "बाळ पीत नाही" किंवा "श्वास लागलाय" हे शब्द मोठ्याने सांगा. तपासून घरी पाठवलं तर तिथून हलण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून कागदावर लिहून घ्या: कुठलं लक्षण दिसलं तर परत यायचं, तब्येत सुधारली नाही तर किती तासांनी परत यायचं, आणि रात्री आलो तर कुठल्या दाराने यायचं. घरी आल्यावर बाळ पुन्हा प्यायचं थांबलं, तर तासाभरापूर्वीच दाखवलं होतं म्हणून संकोच न करता त्याच दाराने परत जा.